आडनावाचा माग: हंड्यावरच्या नावापासून वाय गुणसूत्रापर्यंत

आमच्या घरात एक पितळी हंडा आहे. त्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली एक ओळ आहे. पितळ घासून घासून ती इतकी झिजली आहे की वाचण्यापेक्षा बोट फिरवूनच लवकर कळते: 'चिंचोलीकर, शके १८३४'. आम्ही मात्र कुलकर्णी. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर कुलकर्णी, वडिलांच्या सातबाऱ्यावर कुलकर्णी, माझ्या आधार कार्डावरही कुलकर्णी. शके १८३४ म्हणजे इसवी सन १९१२. तेव्हा आमच्या घरातल्या कुणी तरी पदरचे पैसे देऊन भांड्यावर हे वेगळंच आडनाव का घालून घेतलं असेल?

या एका प्रश्नामागे मी चार वर्षं फिरलो. तालुक्याच्या अभिलेख कक्षात, शाळेच्या कपाटांसमोर, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या ओसरीवर आणि सगळ्यात शेवटी एका डीएनए चाचणीच्या निकालासमोर बसलो. आता ओळखीचे लोक विचारतात, "आमच्या आडनावाचं मूळ शोधायचंय, डीएनए टेस्ट करू का?" करा, पण शेवटी करा. आधी कागद, मग रक्त. हा क्रम उलटा केला तर काय होतं ते पुढे येईलच.

आडनाव नेमकं काय सांगतं

शोध सुरू करण्याआधी आपल्या आडनावाला काय माहीत असू शकतं आणि काय नाही, हे समजून घ्या. पुष्कळ जण इथेच चुकतात आणि पुढची वर्षं चुकीच्या गावात घालवतात.

'कर' लागलेलं आडनाव गाव सांगतं. नीराकाठच्या होळ गावचे ते होळकर. पण गावात राहणाऱ्याला त्याच गावाच्या नावाने कोण हाक मारणार? सगळेच तिथले. गाव सोडून दुसरीकडे गेल्यावरच हे नाव चिकटतं. म्हणजे 'कर' हे बहुतेक वेळा सोडलेल्या गावाचं नाव असतं, आणि ते कधी सोडलं हा तुमच्या शोधाचा पहिला खरा प्रश्न. दुसरं असं की पैठण सोडलेला कुठल्याही जातीचा माणूस पैठणकर होऊ शकतो. हे नाव मातीचं आहे, रक्ताचं नाही.

पदावरून आलेली आडनावं याहून फसवी. पाटील गावचा मुख्य, कुलकर्णी गावचा हिशेब ठेवणारा, देशमुख आणि देशपांडे परगण्याच्या पातळीवरचे. फारसीतल्या 'नवीस' म्हणजे लिहिणारा या शब्दावरून 'नीस' आलं: चिटणीस पत्रव्यवहार बघणारा, सबनीस हजेरीपट ठेवणारा, पोतनीस खजिन्याचा. गावोगाव कुलकर्णी होता, म्हणून गावोगाव वेगळं कुलकर्णी घराणं तयार झालं. सांगलीचे कुलकर्णी आणि जळगावचे कुलकर्णी यांना जोडणारी गोष्ट एकच, दोघांच्या पूर्वजांचं काम सारखं होतं.

जाधव, पवार, चव्हाण यांसारखी कुळांची नावं मराठा समाजात आहेत, बंजारा समाजात आहेत आणि इतरही अनेक समाजांत आहेत. त्यामुळे 'आम्ही जाधव, म्हणजे देवगिरीच्या यादवांचे वंशज' हे वाक्य ऐकायला गोड असलं तरी नुसत्या आडनावावर ते उभं राहत नाही. गोरे, काळे, टकले ही टोपणनावांतून आलेली आडनावं. ती तर शंभर ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मली असणार.

आणि आडनाव बदलतं, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. श्रीवर्धनचे भट पेशवेपद मिळाल्यावर पेशवे झाले. नाना फडणवीस मूळचे बाळाजी जनार्दन भानू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं घराणं सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचं नाव पटावर चढलं ते 'आंबेडकर' म्हणून. ज्या घराण्यांवर ग्रंथ लिहिले गेले त्यांच्यात एका-दोन पिढ्यांत हे घडलं, तर तुमच्याआमच्या घरात का घडलं नसेल?

महाराष्ट्राबाहेर गेलेल्यांचं चित्र आणखी निराळं आहे. तंजावरकडच्या मराठी घरांतून आडनाव मागे पडून नावाला 'राव' जोडायची पद्धत पडली. मॉरिशसला करारावर गेलेल्या मराठी मजुरांच्या पुढच्या पिढ्यांत तर पहिल्या माणसाचं नावच आडनाव होऊन बसलेलं दिसतं. अशा घराने आडनावाच्या मागे न लागता मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या स्थलांतरितांच्या नोंदी गाठाव्यात.

सुरुवात माळ्यावरून

पहिला महिना सरकारी कचेरीत पाऊल टाकू नका. घरातली भांडी उतरवा. मराठी घरात भांड्यावर नाव घालायची रीत आहे, आणि त्यात आडनाव, निमित्त, साल, कधी गावही मिळतं. माझी आई म्हणाली, "भांडी कसली बघतोस, मोडीत घालायची आहेत ती." त्याच ढिगात हंडा होता. घासण्याआधी तिरक्या उजेडात फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात.

मग जुन्या लग्नपत्रिका, पोथ्यांची पहिली आणि शेवटची पानं, फोटोंच्या पाठी, आणि नातलगांच्या फायली. एक गोष्ट लोक विसरतात: जात पडताळणीसाठी कुणा चुलत्याने प्रतिज्ञापत्रावर वंशावळ आधीच केलेली असते. जमिनीचा दावा चालला असेल तर त्या कागदांतही वंशवृक्ष जोडलेला असतो. भाऊबंदकीच्या भांडणाने घरं मोडली, पण नावं जपली. मला पाच पिढ्यांची नावं अशाच एका जुन्या दिवाणी दाव्यात मिळाली.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना "आपलं मूळ गाव कुठलं?" असं विचारलंत तर पाठ झालेलं उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: "आपण सुतक कोणाकोणाचं धरतो?" ज्यांचं सुतक येतं ते भाऊबंद, ज्यांचं येत नाही ते सोयरे. आत्याने एका दमात अकरा घरं मोजली, त्यांतली चार मी कधी ऐकलेलीही नव्हती. मग कुलदैवत विचारा, पण 'खंडोबा' एवढ्यावर थांबू नका. कुठला खंडोबा, जेजुरीचा की पालीचा? नवरात्रात कुठला कुळाचार, देवघरात किती टाक, देवक काय? बारीक, विचित्र वाटणारी प्रथाच दोन शाखांना जोडते. सगळं फोनवर रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन. आत्या दीड वर्षापूर्वी गेली. तिचा आवाज आहे माझ्याजवळ.

गोत्राबद्दल एक सावधगिरी. गोत्र लग्नाच्या व्यवहारात फार उपयोगी, पण वंशाचा पुरावा म्हणून कच्चं. ज्याला आपलं गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप, असा संकेतच आहे. नोंद करून ठेवा, त्यावर इमारत बांधू नका.

शाळा, कोतवाल बुक, फेरफार

आता वंशवृक्ष काढायला घ्या. सुरुवात स्वतःपासून करा आणि मागे जा. कुणा प्रसिद्ध पूर्वजापासून सुरुवात करून स्वतःपर्यंत यायचा मोह होतो, तो टाळा, कारण वाटेत जे जुळत नाही ते आपण नकळत जुळवून घेतो. प्रत्येक बाप-मुलाच्या जोडीसमोर एक कागद हवा. जिथे कागद नाही तिथे पेन्सिलीने लिहा.

शाळेचं जनरल रजिस्टर हा सगळ्यात सोपा टप्पा. आजोबा किंवा पणजोबा ज्या शाळेत गेले तिथे अर्ज करून प्रवेश-निर्गम उतारा मागा. जमलं तर मूळ पान डोळ्यांनी बघा. आमच्या पणजोबांच्या ओळीत 'चिंचोलीकर' असं लिहून त्यावर आडवी रेघ मारली होती आणि वर वेगळ्या, फिकट निळ्या शाईत 'कुलकर्णी' लिहिलं होतं. उताऱ्यावर फक्त कुलकर्णी आलं असतं. आमचं आडनाव ज्या दिवशी बदललं तो दिवस मला सापडला नाही, पण ती रेघ मी पाहिली.

जन्ममृत्यूसाठी गाव नमुना नंबर १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. त्यात आईबापाचं नाव, जात, गाव आणि तारीख असते, आणि १९व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मागे जाता येतं. ही पुस्तकं बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने कुणबी नोंदी शोधताना जिल्ह्याजिल्ह्यांत असे जुने दप्तर उघडले गेले. तुमचा समाज कोणताही असो, तेव्हा चाळलेल्या आणि स्कॅन झालेल्या कागदांचा उपयोग होतो. आपल्या जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आधी बघा, मगच एसटी पकडा.

जमिनीचे कागद जास्त खोल नेतात. सातबारा आजचं चित्र देतो. खरा खजिना फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये आहे. कोण वारला, वारस कोण, मुली किती, विधवा कोण, अज्ञान मुलगा असेल तर पालक कोण, हे सगळं त्यात येतं. सातबाऱ्यावर ज्या फेरफार क्रमांकांना गोल केलेलं असतं ते उतरवून घ्या आणि एकेक मागत जा. त्याआधीच्या काळासाठी कडईपत्रक, सूडपत्रक, इनामपत्रक असे जमिनीचे जुने महसुली कागद मागता येतात. मराठवाड्यात खासरा पत्रक, विदर्भात अधिकार अभिलेख अशी नावं ऐकू येतील. 'आपले अभिलेख' या शासकीय संकेतस्थळावर बऱ्याच तालुक्यांचे जुने कागद घरबसल्या मिळतात. नाही मिळाले तर नकलेचा अर्ज घेऊन जायचं, आणि अर्जात गाव, सर्व्हे नंबर, नमुना स्पष्ट लिहायचा. 'आमच्या पूर्वजांचे सर्व कागद' असा अर्ज केला तर तो पडून राहतो. माझा पहिला अर्ज तीन महिने पडून होता. दुसऱ्यात फेरफार क्रमांक लिहिले आणि आठवड्याने नक्कल हातात आली.

जुन्या नोंदींत आडनाव नसतंच पुष्कळदा. 'राघो बिन विठ्ठल' एवढंच असतं. 'बिन' म्हणजे मुलगा, 'वलद' म्हणजेही तेच. बाईच्या नावापुढे 'कोम' किंवा 'भ्रतार' आलं की पुढचं नाव नवऱ्याचं. 'मौजे मजकूर' म्हणजे वर सांगितलेलंच गाव. हे चार शब्द पाठ असले तर अर्धी भीती जाते.

कुठली चिंचोली?

माझी गाडी इथे अडली. महाराष्ट्रात चिंचोल्या डझनांनी आहेत: शिरूर तालुक्यातली मोराची चिंचोली, कन्नडकडची चिंचोली लिंबाजी, आणि नुसत्या चिंचोल्या तर जिल्ह्याजिल्ह्यांत. वडगाव, पिंपळगाव, निमगाव यांचंही तसंच. ज्यांचं आडनाव अशा गावावरून आलं आहे त्यांनी नकाशावर बोट ठेवून अंदाज करू नये.

तीर्थोपाध्यायांनी मला वाट दाखवली. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, हरिद्वार इथल्या उपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी असतात. आलेल्या माणसाने आपलं, बापाचं, आज्याचं, भावांचं नाव, गाव आणि येण्याचं कारण लिहून सही केलेली असते. आडनाव आणि गाव सांगितलं की ते आपल्या घराण्याच्या उपाध्यायाचं नाव सांगतात. हरिद्वारच्या अशा काही वह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर आहेत, पण आपल्या माणसाने बसून वही उलगडण्याला पर्याय नाही. सकाळी लवकर जा, गर्दीच्या तिथी टाळा, दक्षिणा मनापासून द्या, आणि निघताना स्वतःच्या पिढीची नावं वहीत लिहून या. पुढच्या कुणाला तरी ती लागणार आहेत.

आमच्या नामावळीत खापरपणजोबांची सही मिळाली, मोडी लिपीत. खाली गाव आणि परगणा. त्या परगण्याच्या एका शब्दाने बाकीच्या सगळ्या चिंचोल्या गळाल्या आणि नगर जिल्ह्यातली एक उरली. तिथे गेलो तर आत्याने मोजलेल्या अकरा घरांपैकी एक घर अजून नांदत होतं, वाड्याच्या अर्ध्या पडलेल्या भिंतीसकट.

मोडी आणि मागची दोनशे वर्षं

१८५०च्या मागे जायचं तर मोडीला पर्याय नाही. मोडी अवघड नाही, सवयीची आहे. तीन महिने रोज अर्धा तास दिला तर महसुली कागद वाचता येतात, कारण त्यांची भाषा ठरीव असते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था वर्ग घेतात. ते जमत नसेल तर पैसे देऊन लिप्यंतर करून घ्या, पण आपलं आडनाव आणि गावाचं नाव मोडीत ओळखण्यापुरतं तरी शिकाच. रुमालातून, म्हणजे जुने कागद बांधून ठेवलेल्या कापडी गाठोड्यातून, निघालेल्या शेकडो कागदांत आपलं गाव डोळ्यांना दिसलं पाहिजे.

पेशवे दप्तर पुणे पुरालेखागारात आहे. शासनाची पुरालेखागारं मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही आहेत. तिथे जाण्याआधी विषय पक्का करा: गाव, परगणा, वतनाचा प्रकार, साधारण काळ. १८५२च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनने वतनदारांकडून हक्काचे कागद आणि हकिकती मागवल्या होत्या, त्यामुळे ज्यांच्याकडे इनाम किंवा वतन होतं त्यांच्याबद्दल बरंच लिहिलं गेलं. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांच्याबद्दल फार थोडं. ही कागदांची जुनी पक्षपाती खोड आहे आणि ती मला सलते. भूमिहीन घराण्यांना कोतवाल बुक, शाळा, पलटणीच्या नोंदी, गिरण्यांचे आणि रेल्वेचे सेवापट यांवरच जास्त भिस्त ठेवावी लागते.

जुन्या कागदांत शक, फसली किंवा शुहूर अशा वेगळ्या कालगणनेतली वर्षं असतात. ती इसवी सनात आणायचं गणित असं: शकात ७८ मिळवा, दख्खनी फसलीत ५९०, शुहूर सनात ५९९, आणि वर्ष मधेच सुरू होतं म्हणून एखाद्या वर्षाचा फरक धरा. शुहूर सन अरबी शब्दांत लिहितात. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, एकूण ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०-६१, पानिपतचं साल. हे पहिल्यांदा स्वतः उलगडलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

आमच्या घराण्याचा सगळ्यात जुना कागद जो हाती लागला त्यात 'कुलकर्णी मौजे मजकूर' एवढंच आहे. म्हणजे कोडं सुटलं: पद आधी, गाव नंतर. गाव सोडून शहरात गेलेल्या शाखेने तिथल्या दहा कुलकर्ण्यांत आपण वेगळे ओळखू यावं म्हणून चिंचोलीकर लावलं असावं, हंडा त्या दिवसांतला, आणि शाळेत कुणी तरी पुन्हा कुलकर्णी केलं. 'असावं' हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. १९५०च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द झाली. काम गेलं, आडनाव उरलं.

दत्तकाची जागा

डीएनएकडे वळण्याआधी एक गोष्ट शोधलीच पाहिजे. वंशावळीत कुठे दत्तक आहे का? वतन चालवायला मुलगा हवा असायचा, त्यामुळे आपल्याकडे दत्तक घेणं सर्रास होतं. मात्र दत्तक दोन तऱ्हेचं असतं आणि रक्ताच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे. बडोद्याच्या गादीवर १८७५ साली कवळाण्याहून आणलेले सयाजीराव गायकवाड भाऊबंदकीतलेच होते, म्हणजे आडनावही तेच आणि पितृवंशही तोच. राजर्षी शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यात जन्मले आणि १८८४ साली कोल्हापूरच्या भोसले गादीवर दत्तक आले. तिथे आडनाव एका घराण्याचं आणि पितृवंश दुसऱ्याचा.

फेरफारात 'दत्तक' हा शब्द शोधा, जुन्या दाव्यांत दत्तकपत्राची नक्कल शोधा, आणि वडिलधाऱ्यांना हळुवारपणे विचारा. आमच्या गावातल्या शाखेत १८९०च्या सुमाराला मूल नव्हतं म्हणून घरच्या थोरल्या बाईच्या माहेरच्या नात्यातला मुलगा घेतला होता. त्याच दिवाणी दाव्यात ते निघालं, कारण भाऊबंदांनी हरकत घेतली होती.

आता चाचणी

तीन प्रकारच्या चाचण्या आहेत आणि त्यांची उत्तरं तीन वेगळ्या प्रश्नांची असतात.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. आपलं आडनावही त्याच वाटेने जातं. म्हणून आडनावाच्या शोधात कामाची चाचणी ही, आणि ती पुरुषांचीच होते. एखाद्या ताईला माहेरच्या आडनावाचा शोध घ्यायचा असेल तर भाऊ, वडील, काका किंवा चुलतभाऊ यांचा नमुना लागेल. मायटोकाँड्रियल चाचणी आईच्या आईच्या आईची रेघ दाखवते. तिचा आडनावाशी संबंध नाही, पण कागदांत जिचं नाव 'कोम' या शब्दामागे दडलं त्या बाईची ती एक खूण आहे. ती करायचीच असेल तर त्या कारणासाठी करा. तिसरी ऑटोसोमल चाचणी, म्हणजे सगळ्या बाजूंची सरमिसळ, जिच्या टक्केवारीचे रंगीत नकाशे लोक पाठवत असतात.

त्या नकाशांनी भुलू नका. सात पिढ्यांमागे तुमचे १२८ पूर्वज आणि दहा पिढ्यांमागे १०२४. त्यांत तुमच्या आडनावाचा एकच. टक्केवारी ही कंपनीकडे असलेल्या आजच्या नमुन्यांशी केलेली तुलना असते, आणि नमुने बदलले की तुमची टक्केवारी बदलते. शिवाय नात्यांचे अंदाज बाहेरच्या समाजांवर बेतलेले असतात. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीतच, काही घरांत तर मामाच्या मुलीशी लग्नं झाली. त्यामुळे लांबचा माणूसही 'तिसऱ्या पिढीचा चुलतभाऊ' म्हणून दिसतो. कंपनीने सांगितलेलं नातं एक-दोन पायऱ्या लांबचं धरूनच चाला.

वाय चाचणीची आखणी अशी करा. आधी एक प्रश्न लिहून काढा, उत्तर 'हो' किंवा 'नाही' येईल असा: 'नाशिकची शाखा आणि आमची शाखा एकाच पुरुषापासून आल्या का?' मग कागदांवरून जे सगळ्यात लांबचे भाऊबंद ठरतात अशा दोन शाखांतला एकेक पुरुष निवडा. सख्ख्या भावांची चाचणी करून पैसे घालवू नका. फॅमिली ट्री डीएनए या कंपनीची वाय-३७ चाचणी अशा पहिल्या तुलनेला पुरते. फार जवळचा फरक काढायचा तर वाय-१११, आणि वंशशाखेचं नेमकं स्थान हवं तर बिग वाय-७००. अशा कंपन्यांच्या साठ्यात मराठी माणसं थोडी आहेत, म्हणून कुणी अनोळखी जुळेल याची वाट बघत बसू नका. आपली माणसं आपणच निवडून तपासा.

निकालात दोन गोष्टी येतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक हॅप्लोग्रुप, म्हणजे फार जुन्या एका पुरुषापासून निघालेला मोठा वंशगट, समजा आर-वन-ए. तो हजारो वर्षं जुना आणि कोट्यवधी पुरुषांचा असतो. आडनावं त्यापुढे कालची. दोघांचा हॅप्लोग्रुप एकच असला तरी नातं सिद्ध होत नाही. वेगळा असला तर मात्र पितृवंश एक नाहीच, हे एवढं ठाम सांगता येतं. दुसरी गोष्ट मार्करांची, म्हणजे वाय गुणसूत्रावर तपासलेल्या ठरावीक खुणांची, जुळणी. वाय-३७ मध्ये असे ३७ मार्कर बघतात. ३७ पैकी ३७ किंवा ३६ जुळले आणि कागदही तेच सांगत असतील तर शाखा एक मानायला हरकत नाही. चारपेक्षा जास्त फरक असले तर कंपनी जुळणी म्हणून दाखवतच नाही.

इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात ब्रिटिश आडनावांवर असंच काम झालं. दुर्मीळ आडनावाचे पुरुष पुष्कळदा एकाच पितृवंशाचे निघाले. 'स्मिथ' म्हणजे लोहार या आडनावात तसं काही नव्हतं. आपल्याकडे पाटील, कुलकर्णी, जोशी यांचं तेच होणार. तुमचं आडनाव दोन-चार गावांतच आढळत असेल तर वाय चाचणीचा तुम्हाला खरा उपयोग आहे.

आडनाव आणि रक्त दोन गोष्टी सांगतात याचं मला सगळ्यात हृद्य वाटणारं उदाहरण कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांचं आहे. किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर. आडनावं ऐकली तर अस्सल रायगडची. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या गलबतातून आलो ही त्यांची परंपरा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दोन्ही धागे दिसले: पुरुषांच्या बाजूने मध्यपूर्वेचा वारसा जास्त, बायकांच्या बाजूने बहुतांश इथलाच. आडनाव खोटं नाही, परंपराही खोटी नाही. गोव्यातल्या फर्नांडिस, डिसोझा, रॉड्रिग्ज या आडनावांचं उलट आहे. धर्मांतराच्या वेळी ती बाहेरून मिळाली. त्यांवरून पोर्तुगीज रक्त गृहीत धरणं चूक. २०२१ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या रोमन कॅथलिकांवर झालेल्या अभ्यासात त्यांची मुळं प्रामुख्याने इथलीच, गौड सारस्वतांशी जवळीक सांगणारी निघाली. तिथे शोध घ्यायचा तर चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं आणि गावकारीचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचे, कागद आधी.

आणि 'आमचं रक्त शुद्ध' अशा अपेक्षेने चाचणी करू नका. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या उपखंडातले जवळजवळ सगळे गट एकमेकांत मिसळत होते. जातीतल्या जातीत लग्नाचं बंधन त्यानंतर घट्ट झालं. कुणाचाच निकाल एकरंगी येत नाही.

नमुना देण्याआधी हे बोला

ज्याचा नमुना घेणार त्याला समोर बसवून सांगा की न जुळण्याचीही शक्यता आहे, आणि तसं झालं तर काय करायचं हे आधी ठरवा. लहान मुलांचे नमुने देऊ नका. निकाल कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. आधी त्या माणसाला एकट्याला दाखवा. तुमच्या डीएनएत तुमच्या भावंडांचाही वाटा आहे, म्हणून त्यांनाही विचारा. कंपनी नमुना किती दिवस ठेवते, संशोधनाला देते का, माहिती पुसता येते का, हे वाचून मगच सही करा. २०२३ साली ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरली गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी गेली तरी माहिती उरते. चाचणी टोपणनावाने करता येते. मी तशीच केली, आणि खरी नावं घरच्या वहीत ठेवली.

आमचे तीन नमुने गेले: माझा, नाशिकच्या शाखेतल्या एका काकांचा आणि गावातल्या वाड्यातल्या माणसाचा, ज्यांना मी आता दादा म्हणतो. काकांचे आणि माझे ३७ पैकी ३६ मार्कर जुळले. दादांचा हॅप्लोग्रुपच वेगळा आला. मी आधी चाचणी केली असती तर त्या रात्री काय काय मनात आणलं असतं, आणि कुणा गेलेल्या बाईवर काय आळ घेतला असता, याचा विचारही नकोसा वाटतो. दत्तकपत्राची नक्कल माझ्या फायलीत आधीपासून होती. ती घेऊन मी गावी गेलो. दादांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "म्हणजे आजोबांचं आजोळ शोधायचं राहिलंय अजून."

वंशवृक्षाच्या मोठ्या कागदावर आता आमच्या दोन शाखा अखंड रेघेने जोडल्या आहेत आणि दादांची तुटक रेघेने. कोपऱ्यात खुणांचा अर्थ लिहिला आहे: अखंड रेघ जन्माने, तुटक रेघ दत्तकाने, पेन्सिलीची रेघ अजून कागद न मिळालेली. पेन्सिलीच्या रेघा सात आहेत. कागद गुंडाळी करून हंड्यात ठेवला आहे.